आधी हिशेब, मग पॅनेल : वाडीतल्या छोट्या कारखान्यासाठी सूर्याची वीज

कोकण किनाऱ्यावरच्या आपल्या वस्त्यांत पंचवीस-तीस वर्षे जहाजावर किंवा आखातात काढून साठीच्या आसपास घरी परतलेली माणसे पुष्कळ आहेत. कुणी फिटर होते, कुणी वेल्डर, कुणी सुतार. बहुतेकांना पेन्शन नसते. साठवलेली रक्कम असते आणि अजून शाबूत असलेले हात असतात. अशा माणसाला रिकामे बसवत नाही. मग पडवीत किंवा वाडीतल्या जुन्या खोलीत एक बाकडे येते, शिकंजा बसतो, रंधा-पटाशी खिळ्यांवर टांगली जातात आणि घरची माणसे त्या खोलीला कौतुकाने ‘कारखाना’ म्हणू लागतात. तिथे कमाई होत नाही. मोडलेली स्टुले दुरुस्त होतात, नातवंडांसाठी गलबते बनतात, मशिदीसाठी रेहल बनतात.

आपल्या दीनने हातच्या कामाला कधीच कमी लेखलेले नाही. हजरत दाऊद (अलै.) स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत आणि हजरत जकरिया (अलै.) सुतार होते, असे हदीसमध्ये आले आहे. त्यामुळे हा छंद म्हणजे वेळ घालवणे आहे असे आम्हाला वाटत नाही. मोहल्ल्यातल्या चार मुलांनी अशा खोलीत बसून हत्यार धरायला शिकणे ही आजच्या काळात मोठीच गोष्ट आहे.

अडचण येते ती विजेची. आणि सध्या विजेचा विषय निघाला की कुणीतरी लगेच म्हणते, “सोलर लावून टाका.” लावायला हरकत नाही. पण किती, कोणते आणि कशासाठी, हे ठरवल्याशिवाय लावलेले सोलर आयुष्यभराची पुंजी खाऊन टाकू शकते. म्हणून एका प्रत्यक्ष खोलीचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

खोली आणि तिची गरज

ही खोली श्रीवर्धन तालुक्यात, नारळ-सुपारीच्या वाडीत, घरापासून दीडशे मीटर आत आहे. आमच्या नात्यातले एक मामू जहाजावरून निवृत्त झाल्यापासून तिथे सुतारकाम करतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन आदळले. त्यात मामूंच्या वाडीतले फणस आणि आंब्याचे दोन जुने वृक्षही पडले. ते लाकूड त्यांनी विकले नाही, फळ्या पाडून सुकवत ठेवले. त्याच फळ्यांचे रेहल आता होतात. एकाच अखंड फळीतून, खिळा किंवा जोड न लावता, मधोमध बिजागरी कोरून रेहल उघडायचा, हे नाजूक काम असते.

हिशेबाला आम्ही तिघे बसलो. मामू, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करणारा त्यांचा नातू आणि कागद-पेन्सिल धरणारे आम्ही.

पहिला प्रश्न असा की घरातूनच तार का ओढू नये? बहुतेक ठिकाणी हेच सर्वांत स्वस्त उत्तर असते आणि ज्यांची खोली घराला लागून आहे त्यांनी पुढचा खर्च करूच नये. येथे मात्र तार सुपारीच्या झाडांमधून जाणार होती. प्रत्येक वादळात झावळ्या पडणार, खाली शिंपण्याची ओली जमीन, आणि वाडीत माणसांचा सतत वावर. तुटलेली जिवंत तार अशा जागी जिवावर बेतते. शिवाय निसर्ग वादळानंतर या भागातल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, हेही सर्वांच्या लक्षात होते.

दुसरा प्रश्न सरकारी अनुदानाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छपरावरील संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. पण तो संच वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेला असावा लागतो. आणि असा साधा जोडलेला संच, बाहेरची वीज गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो. लाइनमन तारेवर काम करत असताना आपल्या छपरावरची वीज उलटी त्या तारेत जाऊ नये म्हणून ही सोय असते. घराचे बिल कमी करायला ती योजना चांगली आहे. वाडीतल्या सुट्या खोलीला मात्र स्वतंत्र, बॅटरीवर चालणारा संचच लागतो.

करवत आधी यादीवर

मामूंनी पहिल्यांदा सांगितलेल्या यादीत १८०० वॅटचे टेबल सॉ होते, एअर कॉम्प्रेसर होता आणि चहासाठी १५०० वॅटची किटली होती. टेबल सॉ रोज अर्धा तास चालले तरी ९०० वॅट-तास खाते. सुरू होताना काही क्षण ते दुप्पट-तिप्पट वीज ओढते, म्हणून इन्व्हर्टर पाच हजार वॅटच्या घरातला लागतो. तेवढ्या इन्व्हर्टरला दोनऐवजी चार बॅटऱ्या लागतात. एका यंत्रापायी सगळा खर्च दुप्पट होतो.

आम्ही विचारले, “मामू, वर्षातून फळ्या किती वेळा पाडता?”

“दोनदा. फार तर तीनदा.”

मग त्या सॉ मिलमध्येच पाडून आणाव्यात, असे ठरले. कॉम्प्रेसर यादीतून गेला, कारण पॉलिश कापडानेही होते. किटलीच्या जागी घरून थर्मास येऊ लागला. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण देणाऱ्या रसूलुल्लाह (सल्ल.) यांची उम्मत आपण आहोत. फुकट मिळणारे ऊनसुद्धा साठवायला पैसे पडतात, तेव्हा इसराफचा प्रश्न येथेही येतोच.

उरलेल्या यादीचा एका दिवसाचा हिशेब असा झाला :

२० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, ४ तास : १६० वॅट-तास
३० वॅटचा बीएलडीसी पंखा, ४ तास : १२०
६०० वॅटचे ड्रिल, प्रत्यक्ष १५ मिनिटे : १५०
४५० वॅटचे जिगसॉ, २० मिनिटे : १५०
८५० वॅटचा हातातला ग्राइंडर, १२ मिनिटे : १७०
५० वॅटची सोल्डरिंग आयर्न, १ तास : ५०
मोबाइल व इतर चार्जिंग : ५०
एकूण : ८५० वॅट-तास

ड्रिलला पंधराच मिनिटे का, असे कुणी विचारील. नातवाने दोन दिवस घड्याळ लावून पाहिले. सुतार तीन तास काम करतो तेव्हा मोजमाप, खूण, पटाशी आणि पॉलिशपेपर यांतच बहुतेक वेळ जातो. यंत्राचे बटण थोडाच वेळ दाबलेले असते. हा आकडा अंदाजाने धरला असता तर दोन-तीन पट निघाला असता.

इन्व्हर्टर आणि तारा यांत सुमारे पंधरा टक्के वीज जाते. म्हणून ८५० चे १००० धरले, म्हणजे दिवसाला एक युनिट. आणखी एक चोर लक्षात ठेवावा. काहीही चालू नसताना इन्व्हर्टर स्वतःच १५ ते २० वॅट खात असतो. रात्रंदिवस सुरू ठेवला तर त्यातच दिवसाला ३६० ते ४८० वॅट-तास जातात, म्हणजे कामाला लागणाऱ्या विजेच्या जवळजवळ निम्मे. खोलीला कुलूप लावताना इन्व्हर्टर बंद करायचा, हा नियम दारावरच लिहून ठेवला आहे.

बॅटरी : सगळ्यांत खर्चाचे अंग

पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, बॅटरी नाही. शिसे-आम्लाची ट्यूब्युलर बॅटरी नीट वापरली तर चार-पाच वर्षे चालते. ती रोज पूर्ण रिकामी केली तर आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून तिच्यातली निम्मीच वीज आपली समजावी. लिथियम फॉस्फेटची बॅटरी महाग असते. तिच्यातली ८० टक्क्यांहून अधिक वीज वापरता येते आणि ती दुप्पट किंवा त्याहून जास्त वर्षे टिकते. ज्यांना एकदम पैसे घालणे शक्य आहे त्यांनी तिचा विचार जरूर करावा. मामूंनी ट्यूब्युलर निवडली. तिची दुरुस्ती-देखभाल तालुक्याच्या ठिकाणी होते आणि जुनी बॅटरी परत देताना किंमत मिळते.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केले. एकूण साठा ३६०० वॅट-तास, त्यातले आपले १८००. दिवसाची गरज १०००. म्हणजे ऊन अजिबात नसले तरी पावणेदोन दिवस काम चालेल.

१२ व्होल्टवरच का ठेवले नाही? ग्राइंडर, ट्यूब आणि पंखा मिळून ९२० वॅट होतात. इन्व्हर्टरची घट धरून बॅटरीतून सुमारे १०८० वॅट निघतात. १२ व्होल्टवर याचे ९० अँपिअर होतात, २४ व्होल्टवर ४५. तारेतली घट अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून त्याच तारेत २४ व्होल्टवर घट चौथा हिस्सा होते आणि तारही कमी तापते.

बॅटऱ्यांची जोडी एकाच दिवशी, एकाच कंपनीची, एकाच बनावटीची घ्यावी. एक जुनी आणि एक नवी जोडली की जुनी बॅटरी नवीलाही खाली ओढते.

पॅनेल जुलै महिना पाहून घ्यावे

विक्रेते बहुधा उन्हाळ्याचा आकडा सांगतात. आपल्या भागात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दिवसाला पाच तास किंवा त्याहून अधिक भर उन्हाएवढा प्रकाश मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो तीन तासांच्या आसपास येतो. शिवाय पॅनेलवर लिहिलेले वॅट २५ अंश तापमानाचे असतात. उन्हात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापते आणि दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते. धूळ, उष्णता आणि चार्जिंगमधली घट मिळून पाऊण हिस्साच हाती येतो असे धरावे.

आता भागाकार सोपा आहे. पाच तासांच्या दिवसाला १००० वॅट-तास हवे असतील तर २६७ वॅटचे पॅनेल पुरते. तीन तासांच्या दिवसाला ४४४ वॅट लागते. आम्ही ५४० वॅटचे एक पॅनेल धरले. जुलैतल्या सरासरी दिवशी ते सुमारे १२०० वॅट-तास देते. सात-आठ दिवसांची झड लागली आणि एकच तासाएवढा प्रकाश मिळाला तर ४०० वॅट-तास मिळतात. तेवढ्यात ट्यूब आणि पंखा चालतो, हत्यारे चालत नाहीत.

येथेच छंदाची खोली आणि घर यांतला फरक कळतो. घरात औषधाचा फ्रिज असेल, दमेकऱ्याचे नेब्युलायझर असेल तर ते थांबू शकत नाही. त्यासाठी वाईटातला वाईट आठवडा धरूनच बॅटऱ्या घ्याव्या लागतात. रेहल मात्र थांबतो. झडीच्या आठवड्यात मामू पटाशीने बिजागरी कोरतात आणि ऊन पडले की जिगसॉ बाहेर काढतात. काम उन्हाच्या सोयीने हलवता आले की संच निम्म्या खर्चात होतो. रोजच्या दिवसातही जड यंत्रे सकाळी दहापासून जोहरपर्यंत चालवावीत. तेव्हा वीज पॅनेलमधून थेट हत्याराला जाते, बॅटरीत शिरून बाहेर पडताना होणारी घट टळते. असरनंतरचा वेळ घासकामाचा आणि पॉलिशचा.

सावली आणि वारा

सुपारीच्या वाडीत ऊन सापडणे कठीण. पण वादळाने जिथे माड पाडले, तिथे खोलीच्या दक्षिणेला आकाश मोकळे झाले होते. पॅनेल तिथेच, लोखंडी चौकटीवर, दक्षिणेकडे तोंड करून सुमारे १५ अंश कलाने बसवले. इतका कल पावसात धूळ धुऊन जायलाही पुरतो. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर झावळीची सावली पडली तरी तेवढ्याच भागाची वीज जात नाही. आतले कप्पे साखळीने जोडलेले असल्याने तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक वीज जाते. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. तेव्हा सकाळी नऊला सावली झाडाच्या उंचीच्या सुमारे दुप्पट लांब पडते. म्हणून त्या बाजूला नवे माड लावायचे तर तितके अंतर सोडावे. आज गुडघ्याएवढे असलेले रोप आठ-दहा वर्षांनी पॅनेलच्या वर जाईल आणि पॅनेल तेव्हाही तिथेच असेल.

५४० वॅटचे पॅनेल सुमारे अडीच चौरस मीटरचे असते. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर जवळजवळ दोनशे किलोचा उपसा येतो. पॅनेलचे स्वतःचे वजन तीस किलोच्या आत. म्हणून चौकटीचे पाय काँक्रीटमध्ये रोवलेले हवेत. नुसत्या पत्र्याच्या छपरावर स्क्रूने लावलेले पॅनेल वादळात पत्र्यासकट जाते. खारी हवा असल्याने चौकट गॅल्व्हनाइज्ड आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले.

कंट्रोलर आणि इन्व्हर्टर

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर असतो. तो दोन प्रकारचा मिळतो, स्वस्त पीडब्ल्यूएम आणि महाग एमपीपीटी. ५४० वॅटचे पॅनेल सुमारे ४१ व्होल्टवर १३ अँपिअर देते. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टवर खेचतो. मग १३ अँपिअर गुणिले २७ व्होल्ट, म्हणजे ३५१ वॅटच पदरात पडतात. एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टचे अँपिअरमध्ये रूपांतर करतो आणि भर उन्हात पाचशेच्या आसपास वॅट बॅटरीपर्यंत पोहोचवतो. कंट्रोलरवर वाचवलेले पैसे म्हणजे पॅनेलचा तिसरा हिस्सा पाण्यात. येथे ३० अँपिअरचा एमपीपीटी घेतला.

इन्व्हर्टर २४ व्होल्ट, २००० व्हीएचा, म्हणजे साधारण १६०० वॅटचा आणि प्युअर साइन वेव्ह घेतला. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर मोटारी गुणगुणतात, तापतात आणि वेग कमी-जास्त करणारे ड्रिल नीट चालत नाही. माणूस एकटा, हात दोनच, तेव्हा एका वेळी एकच हत्यार चालणार. त्यामुळे ९२० वॅटला १६०० वॅट पुरेसे आहेत आणि ग्राइंडर सुरू होतानाचा धक्काही पेलतो.

जिवाची काळजी

हे कलम वाचकांनी वगळू नये. चार्ज होताना शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. ग्राइंडर तर ठिणग्यांचाच कारंजा. म्हणून बॅटऱ्या कामाच्या खोलीत ठेवल्या नाहीत. बाहेरच्या भिंतीला लागून वर-खाली झरोके असलेली, पावसापासून झाकलेली कुलूपबंद पेटी बांधली. इन्व्हर्टर आतल्या बाजूला त्याच भिंतीवर लावला, म्हणजे बॅटरीची जाड तार दीड मीटरच्या आत राहिली. ती २५ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे आणि बॅटरीच्या अगदी जवळ १०० अँपिअरचा फ्यूज आहे. पॅनेलपासूनची दहा मीटर तार ६ चौरस मिलिमीटरची घेतली.

पॅनेलच्या बाजूला घरातला साधा एमसीबी लावू नये. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी विझते. पॅनेल आणि बॅटरीची वीज एकाच दिशेने सतत वाहते, ती ठिणगी टिकून राहते आणि स्विच जळू शकतो. तिथे डीसीसाठी बनवलेलाच एमसीबी हवा. चौकटीला आणि इन्व्हर्टरला अर्थिंग, विजेच्या कडकडाटासाठी सर्ज प्रोटेक्टर आणि ट्यूब-सॉकेटच्या बाजूला जमिनीत गळणारी वीज तोडणारा आरसीसीबी, यांत काटकसर करू नये. शेवटची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतली. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालताना चष्मा आणि हातमोजे लागतात, आणि मुलांना त्या पेटीची किल्ली मिळत नाही.

पैसा कुठून आणायचा?

मामूंना एका विक्रेत्याने पाच वर्षांच्या हप्त्यांवर मोठा संच देऊ केला होता. मामू म्हणाले, “सूर्य अल्लाहचा आणि व्याज सावकाराचं? हे मला जमायचं नाही.” ते एक वर्ष थांबले. त्या वर्षात खोलीच्या छपरात दोन पारदर्शक पत्रे बसवले, त्यामुळे दिवसा ट्यूब लागेनाशी झाली. बॅटरीवरचे ड्रिल घरी चार्ज करून वाडीत नेले. मोहल्ल्यातल्या भिशीत नाव घातले. भिशीचा नंबर लागला तेव्हा तीन ठिकाणांहून कोटेशन घेतली आणि रोखीने सामान आणले. थांबल्यामुळे व्याज टळले, शिवाय खरी गरज कोणती हेही कळले. ज्यांना थांबणे शक्य नाही त्यांनी नातेवाइकांकडे किंवा जमातीकडे कर्जे-हसनाची विचारणा करावी. आपल्याकडे ती सोय आहे, विचारायलाच लोक संकोचतात.

आता पुढची तजवीजही आजच करावी. बॅटरीच्या जोडीच्या किमतीला ४८ ने भागावे आणि तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला टाकावी. चार वर्षांनी बॅटरी थकेल तेव्हा नवी जोडी घ्यायला हात पसरावा लागणार नाही. ही बचत केली नाही, तर छपरावरचे पॅनेल वीज बनवत राहते आणि खोली अंधारात राहते. असे बंद पडलेले संच सगळ्यांनी पाहिलेले असतात.

पवित्र कुरआनच्या सूरः रहमानमध्ये सूर्य-चंद्र ठरलेल्या हिशेबाने चालतात हे सांगितल्यानंतर लगेच तराजूचा उल्लेख येतो आणि मापात कसूर न करण्याची ताकीद येते. या विषयात आम्हाला तीच दिशा योग्य वाटते. ज्यांना असा संच लावायचा आहे त्यांनी दुकानात जाण्याआधी वहीत तीन रकाने आखावेत. यंत्राचे नाव, त्यावर छापलेले वॅट आणि घड्याळ लावून मोजलेली मिनिटे. आठ दिवस ती वही भरावी, मग ज्या यंत्रावाचून भागते त्यावर काट मारावी. उरलेली बेरीज घेऊन दुकानदारासमोर बसावे. त्यानंतर किती पॅनेल आणि किती बॅटऱ्या हे तो ठरवणार नाही, तुम्ही ठरवाल.